घोड्यावरच्या बाया

देऊळघाटच्या वाड्यात ओसरीच्या भिंतीवर तसबिरींची रांग होती आणि त्या रांगेला एक शिस्त होती. मधोमध विठ्ठल-रखुमाई. उजव्या हाताला शेगावचे गजानन महाराज. डावीकडे रविवर्मा छापखान्यातली लक्ष्मी, पावसाळ्यातल्या ओलीने खालच्या कमळाचा रंग गेलेली. मग पणजोबा, फेटा बांधून, फोटोवाल्यावर डोळे वटारून. मग शिवाजी महाराज. आणि सगळ्यांत शेवटी, माजघराच्या दारावर, पाहुण्यांची नजर सहसा जात नाही अशा जागी, चार चिनी घोडेस्वार.

सिल्कच्या तुकड्यावर ते रंगवलेले होते. सिल्क मूळचं मोतिया रंगाचं असावं, मी पाहिलं तेव्हा ते चहाच्या रंगाचं झालं होतं. एक घोडा काळा, एक पांढरा, एक तांबडा आणि एक ठिपक्याठिपक्यांचा. चौघांच्या हातांत टोकाला वळलेल्या लांब काठ्या. पांढऱ्या घोड्यावरचा स्वार खोगिरावरून इतका खाली झुकलेला, की आता पडतो की मग. घोड्यांच्या शेपट्यांना गाठी मारलेल्या. जमीन काढलेलीच नव्हती; नुसतं रिकामं सिल्क, त्यात खाली कोपऱ्यात हरभऱ्याएवढा लाल चेंडू आणि वर उभ्या ओळीत अक्षरं. चौकट सागवानी, साधी, मागे पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर जुन्या वर्तमानपत्राचा कागद खळीने चिकटवलेला.

आबाजी, म्हणजे माझे आजोबा, नागपूरला शिकलेले. कामठीच्या छावणीत त्यांनी गोऱ्या साहेबांना हा खेळ खेळताना पाहिलं होतं. त्यामुळे चित्रात काय चाललंय याचा निकाल त्यांनी फार पूर्वीच लावलेला होता: हे पोलो आहे, आणि हे चार चिनी सरदार आहेत. पाहुणा नवखा असला तर ते काठीने चेंडू दाखवायचे.

आत्याबाईंचं म्हणणं वेगळं होतं. आत्याबाई ही आबाजींची धाकटी बहीण. आम्ही नातवंडं, आमचे आईवडील, गडीमाणसं, शेजारच्या चाची, सगळे तिला आत्याबाईच म्हणायचे. चित्र तिचं होतं. वाड्यातल्या भांड्यांवर, पेट्यांवर, पाटांवर कुणाकुणाची नावं घातलेली होती. तिचं नाव कशावरच नव्हतं. हे एक चित्र मात्र तिचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती म्हणायची, "बाया हायेत त्या."

"सरदार हायेत ते," आबाजी म्हणायचे. "अंगावरचे कपडे पाय."

"कपडे राहू द्या. कपाळाले टिकली हाय ना त्याह्यच्या. गडीमानूस टिकली लावते का?"

"गंध हाय ते."

"चिन्यायचं कोनतं गंध?"

यावर आबाजींकडे उत्तर नसे. ते अडकित्ता उचलायचे. चौघांच्याही कपाळावर, भुवयांच्या मधोमध, खरंच लाल ठिपका होता. फुलासारखा, अगदी बारीक, स्टुलावर चढून काचेजवळ नाक नेलं तरच दिसणारा. आत्याबाईला तो कसा दिसला होता हे मला लहानपणी कोडं वाटायचं, कारण तिला सुईत दोरा ओवून द्यायला आम्ही लागायचो.

तिचं लग्न दहाव्या वर्षी मेहकरकडे झालं आणि त्याच साली मानमोडीची साथ आली. १९१८ची ती साथ वऱ्हाडात आणि मध्य प्रांतात फार वाईट गेली. गावोगाव सरणाला लाकूड पुरलं नाही असं जुनी माणसं सांगत. नवरा गेला. त्याचा चेहरा तिला आठवत नव्हता, तसं ती सरळ सांगायची, कसलाही आव न आणता. ती माहेरी परत आली ती कायमची. त्यानंतर साठ-पासष्ट वर्षं ती या घरात राहिली. सगळ्यांच्या आधी उठली, सगळ्यांच्या नंतर जेवली. हळदीकुंकवाच्या दिवशी ती परसात असायची. कुणी जा म्हणायचं नाही, कुणी ये म्हणायचं नाही. मधल्या काळात देशात काय काय बदललं, याच घरात दोन विधवांची लग्नं लागली, तिच्या बाबतीत काही करायला हवं होतं हे कुणाला सुचलं तेव्हा ती चाळिशी ओलांडून गेली होती.

तिच्याजवळ पैसा असायचा तो गोधड्यांचा. ती गोधड्या फार चांगल्या शिवायची. देऊळघाटात मराठी घरं तशी मुसलमानांची घरंही पुष्कळ, आणि दोन्हीकडच्या बाळंतिणींना आत्याबाईची दुपटी लागायची. त्या पैशाला घरात कुणी हात लावत नसे. त्यातूनच तिने ते चित्र घेतलं, चिनी फेरीवाल्याकडून.

आजच्या पोरांना हे सांगितलं तर खोटं वाटतं. पण त्या काळी चिनी कापडविके भारतभर फिरत. बरेचसे शांतुंग प्रांतातले. पाठीवर नाहीतर सायकलीला गाठोडं, त्यात चायना सिल्क, भरतकामाचे तुकडे, कागदी फुलं, पंखे. महादेवी वर्मांनी अशाच एका फेरीवाल्यावर हिंदीत लिहिलंय, आणि त्यावरून मृणाल सेन यांनी १९५९ साली 'नील आकाशेर नीचे' हा बंगाली चित्रपट काढला. कलकत्त्याच्या गल्लीत ते फिरत हे लोकांना पटतं. देऊळघाटपर्यंत कसे येत, हे मात्र सांगावं लागतं. बुलढाण्याला रेल्वे तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. खाली मलकापूरला उतरायचं, मग मोताळ्यावरून राजूरचा घाट चढून बुलढाणा गाठायचं, आणि तिथून पुढे आजूबाजूची गावं. घाटात सायकल चालवायची नसते, ढकलायची असते. सिल्कचं गाठोडं बांधलेली सायकल ढकलत तो राजूर घाट चढला असेल, तर आमच्याकडच्या उन्हाची त्याला चांगली ओळख झाली असणार.

तो ओट्यावर बसायचा. बायका दाराआड, पोरं त्याच्याभोवती. त्याची हिंदी मोडकी, पण शेजारच्या चाचांच्या दखनी उर्दूशी तिचं बरं जमायचं. चोळीच्या तुकड्यांचे सौदे व्हायचे. एकदा गाठोड्याच्या तळाशी हे चित्र निघालं. घडी घालून ठेवलेलं, विकायचं होतं की आतला माल बांधायला घेतलेलं होतं, कोण जाणे. आत्याबाई दाराबाहेर आली. दारात येणं तिला तसं वर्ज्यच. तिने बोट ठेवून विचारलं, "बाया?"

तो म्हणाला, "हां, हां."

आबाजी पुढे आयुष्यभर सांगत राहिले, की तो सगळ्यालाच हां म्हणायचा. 'रंग पक्का का?' हां. 'मेहकरले गेला व्हता का?' हां. त्याची साक्ष धरता येत नाही. वकिली डोकं होतं आबाजींचं, आणि मुद्दा म्हणून तो बरोबरच होता.

किंमत किती ठरली ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही. एकरकमी पैसे नव्हते म्हणून हप्ते ठरले, एवढंच कळलं. चौकट तिने नंतर खामगावहून करवून आणली, कापूस घेऊन जाणाऱ्या गाडीवाल्याच्या हाती चित्र पाठवून. तो गाडीवाला चित्र हरवून येईल या धास्तीने ती दोन दिवस जेवली नव्हती, असं माझी काकू सांगते. काकू तेव्हा नवी नवरी होती.

तोवर आमच्या घरात चीन म्हणजे डॉ. कोटणीस. सोलापूरचा मुलगा, १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून तिकडे गेला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं आणि १९४२च्या डिसेंबरात, बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेला. शांतारामबापूंनी त्यांच्यावर काढलेला चित्रपट आबाजींनी पाहिलेला होता. त्याच पथकात आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते, हे ते आवर्जून सांगायचे. वऱ्हाड-नागपूरचा माणूस मागे राहू नये ही त्यांची नेहमीची काळजी. तेव्हा माजघराच्या दारावर चिनी स्वार लागले त्याला कुणाची हरकत नव्हती.

हरकत आली १९६२ साली. ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर लढाई सुरू झाली. रेडिओपुढे माणसं बसू लागली. पुढे यशवंतराव दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं जो तो म्हणू लागला. संरक्षण निधीसाठी बायका अंगावरचे दागिने उतरवून देत होत्या. अशात एका सकाळी आबाजींनी ते चित्र खाली उतरवलं आणि भिंतीकडे तोंड करून धान्याच्या कोठीमागे ठेवलं. घरात शाळामास्तर, तलाठी येत-जात. बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

आत्याबाई काही बोलली नाही. संध्याकाळी तिने आपल्या पेटीतून बोरमाळ काढली. तिच्या आईची. ती तिच्यापाशी आहे हेच घरात कुणाला माहीत नव्हतं; विधवेच्या अंगावर ती कधी चढली नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही राहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी काकूने आपल्या धाकट्या दिराला, म्हणजे माझ्या वडिलांना नव्हे, धाकट्या काकांना, सोबत घ्यायला सुचवलं तेही तिने ऐकलं नाही. एकटी गेली. निधी गोळा करणाऱ्यांच्या टेबलावर बोरमाळ ठेवली, पावती घेतली, घरी आली, कोठीमागून चित्र काढलं, पदराने काच पुसली आणि स्टुलावर चढून ते होतं तिथे लावलं. मग आबाजींसमोर पावती ठेवून म्हणाली, "सोनं देलं मी. आता त्याले हात नोका लावू."

पुन्हा कुणी लावला नाही.

चिनी फेरीवाला त्यानंतर आला नाही. त्याचं काय झालं हे देऊळघाटात कुणाला कळायला मार्गच नव्हता. मात्र त्या वर्षी नोव्हेंबरपासून भारतात राहणाऱ्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना घराघरांतून उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेलं गेलं. बहुतेक आसाम, बंगालमधली, त्यांत म्हातारे होते, तान्ही मुलं होती. कित्येकांचा जन्मच इथला. काही जण तिथे वर्षानुवर्षं राहिले. जे छावणीबाहेर राहिले त्यांना पोलीस ठाण्यावर हजेरी लागली आणि गाव सोडायला परवानगी. ज्या माणसाचा धंदाच गाव सोडण्याचा, त्याने काय करावं? गाठोडी बांधून फिरणारे हे लोक त्यानंतर आपल्या रस्त्यांवरून नाहीसे झाले, आणि त्यांची जागा रिकामी आहे असंही कुणाला फारसं जाणवलं नाही. आत्याबाईला जाणवलं, त्याला कारण व्यवहाराचं होतं. शेवटचा हप्ता द्यायचा राहिला होता. दर दिवाळीला हिशेब करताना ती म्हणायची, "त्याचे दोन रुपये देनं हाय." दोन रुपयांत पुढे धड काही येईनासं झालं तरी म्हणायची.

माझं बालपण हे सगळं होऊन गेल्यावरचं. सुट्टीत आम्ही देऊळघाटला जायचो. पैनगंगेचा उगम तिथून जवळच, अजिंठ्याच्या डोंगरात. त्यामुळे पुढे मराठवाड्याच्या हद्दीवर केवढी मोठी होणारी ही नदी आमच्या गावाशी अगदी नाल्याएवढी असते आणि उन्हाळ्यात तेवढीही नसते. आम्ही पात्रात खेळायचो. आत्याबाई काठावर बसायची. एकदा तिने, कशावरून कोण जाणे, सांगितलं की तिच्या बापाची एक तांबडी घोडी होती आणि लग्नाआधी ती त्या घोडीवर एकटी नदीपर्यंत यायची. खोगीर न घालता. "मंग?" आम्ही विचारलं. "मंग काय? मंग लगीन झालं." घोडीचं काय झालं ते विचारायला आम्हाला सुचलं नाही. सिंदखेड राजा आमच्याच जिल्ह्यात, जिजाऊंचं जन्मगाव. घोड्यावर बसलेली बाई ही इथे काही अनोखी गोष्ट नव्हे. ती चारशे वर्षांपूर्वीची असली की घरात तसबीर लावतात, दहा वर्षांची घरातलीच असली की खाली उतरवतात.

१९८५ च्या आसपास आत्याबाई गेली. फार आजारी वगैरे पडली नाही. मी दूर होते, दहाव्याला पोचले. त्या दिवसांत चित्राकडे मी पाहिलं असेल, पण पाहिल्याचं आठवत नाही. माणूस गेल्यावर त्याच्या वस्तूंवर आपोआप डोळे खिळतात असं लोक लिहितात, तसं माझं झालं नाही. पत्रावळी मोजणं, बुलढाण्याहून येणाऱ्यांची सोय, हीच कामं होती.

मग आबाजी गेले. मग वाटण्या. वाडा पाच जणांत वाटला आणि पाच जणांत वाटलेला वाडा उभा राहत नाही. लाकूड, दारं, तांब्याचे हंडे, तसबिरी असं सगळं जुन्या वस्तू घेणाऱ्या एकाने ठोक भावाने नेलं. कोरीव खांबांचा भाव झाला. तसबिरींचा वेगळा भाव झाला नाही, त्या वरकड म्हणून गेल्या. विठ्ठल आणि गजानन महाराज तेवढे भावांनी ठेवून घेतले. कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. मी तिथे असते तर मी तरी ते चित्र मागितलं असतं का, हे मला खात्रीने सांगता येत नाही. कुणाच्या हॉटेलात, कुणाच्या दिवाणखान्यात ते आज 'व्हिंटेज' म्हणून लागलेलं असू शकेल. मागचा कागद त्यांनी बहुधा काढून टाकला असेल.

शोध मी फार उशिरा सुरू केला, तोही सरळ हेतूने नव्हे. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातल्या चिनी वस्तू आहेत. जेड, चिनी मातीची भांडी, तपकिरीच्या कुप्या, नजर ठरू नये असं काम. एका दुपारी मी तिथे घोडे शोधत हिंडत होते आणि मला हसू आलं. चीनहून आपल्याकडे वस्तू येण्याचे दोन रस्ते होते. एक जहाजाने, पेढीवरून, काचेच्या कपाटात. दुसरा राजूर घाटाने. पहिल्या रस्त्याने आलेल्याची नोंदवही असते.

पुस्तकांत मात्र घोडे सापडले. थांग घराण्याच्या काळात, म्हणजे इसवी सन ६१८ ते ९०७, चीनमध्ये हा खेळ दरबाराचा लाडका होता. ७०६ साली बांधलेल्या राजपुत्र चांगहुआईच्या थडग्यातल्या भिंतीवर वीसहून अधिक स्वारांचा मोठा देखावा रंगवलेला आहे. १९७१ साली ते थडगं उघडलं गेलं. त्याची छापील प्रत मी भिंगाखाली धरली तेव्हा पहिल्यांदा शेपट्या दिसल्या. गाठी मारलेल्या. काठीत शेपूट अडकू नये म्हणून. सम्राट मिंगहुआंग स्वतः उत्तम खेळाडू होता आणि त्याच्या खेळाची चित्रं चिनी चितारी पुढे हजार वर्षं काढत राहिले. अठराव्या शतकातला तिंग क्वानफंग हा दरबारी चित्रकार त्यातलाच. आमचं सिल्क त्या लांबलचक परंपरेतली कुणा बाजारू हाताने केलेली शेवटची नक्कल असावी.

आपल्याकडेही हा खेळ होताच. कुतबुद्दीन ऐबक १२१० मध्ये लाहोरला चौगान खेळताना घोड्यावरून पडून मेला. अकबर तर अंधाऱ्या रात्रीही खेळायचा. अबुल फजलने लिहून ठेवलंय की त्यासाठी पळसाच्या लाकडाचे चेंडू पेटवत, कारण पळस हलका असतो आणि बराच वेळ धुमसत राहतो. बुलढाण्याचा घाट फाल्गुनात पळसाने लालभडक असतो. आमच्याकडे ते लाकूड कुणी सरपणाला घेत नाही, पत्रावळीपुरती पानं तोडतात. पेटता पळसाचा चेंडू आणि त्यामागे घोडे, हे ऐकून आत्याबाईने पानं लावता लावता हात थांबवला असता.

मग त्या बाया. पॅरिसच्या गिमे संग्रहालयात थांग काळातल्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती आहेत: भरधाव घोडे, चारही पाय हवेत, आणि वर पोलो खेळणाऱ्या स्त्रिया. चीनमधल्या थडग्यांतून अशा मूर्ती अनेक निघाल्या आहेत. त्या काळी दरबारातल्या स्त्रिया घोडे फेकत, चेंडू मारत, आणि घोड्यावर बसताना सर्रास पुरुषी अंगरखे, पायांत बूट घालत. म्हणजे कपड्यांवरून काहीच ठरत नाही. आबाजींचा मुख्य पुरावा तिथेच बाद होतो.

त्या पुस्तकांपैकी एकात प्रसाधनावर एक प्रकरण होतं. थांग स्त्रिया कपाळावर, भुवयांच्या मधोमध, एक नक्षी काढत किंवा चिकटवत. सोनेरी वर्खाची, कधी माशाच्या खवल्याची, आणि पुष्कळदा लाल रंगाची, फुलाच्या आकाराची. स्त्रियाच काढत.

मी पुस्तक मिटलं आणि कुणाला तरी हे सांगायला हवं असं फार जोरात वाटलं. आबाजींना सांगायला हवं होतं, खरं तर. त्यांनी पान उघडून वाचलं असतं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं असतं, आणि चिनी ग्रंथकाराची साक्ष धरता येत नाही असं काहीतरी म्हटलं असतं. पण संध्याकाळी कुणी पाहुणा आला असता तर काठीने चेंडू दाखवताना 'सरदार' म्हणाले नसते. तेवढी त्यांची सचोटी होती. एवढी एक माघार तिच्यासमोर घडायला हवी होती. साठ-पासष्ट वर्षांत तिच्यापुढे त्या घरात कुणी माघार घेतल्याचा प्रसंग मला बोरमाळेशिवाय दुसरा माहीत नाही, आणि तो तिने सोनं मोजून विकत घेतला होता.

आता उरलीय ती काकू. वाड्याच्या तिच्या वाटणीच्या जागी दोन खोल्यांचं स्लॅबचं घर आहे, तिथे ती राहते. मी देऊळघाटला गेले. मोबाइलवर त्या मातीच्या मूर्तींचे फोटो होते, ते मोठे करून करून दाखवले. टिकलीचं सांगितलं, कोणत्या काळात, कशी, कशाची. काकूने सगळं नीट पाहिलं. ती आता ऐंशीच्या पुढे आहे, पण नजर चांगली आहे.

"मंग?" ती म्हणाली. "ते तं ती म्हनतच व्हती."

"हो, पण तिला कुणी खरं मानलं नाही ना. तेव्हा हे माहीत असतं, तर तिला बरं वाटलं असतं."

काकू माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिली, लहान पोर काहीतरी भलतंच बोललं की पाहतात तशी.

"ती काय इचारत व्हती बाई तुह्या आबाजीले? ती सांगत व्हती."

मग तिने मोबाइल माझ्या हातात दिला आणि बुलढाण्याची गाडी साडेचारची धरणार की जेवूनच जाणार, ते विचारलं.